एकीनं अडवलं तरी पुरे

आमच्या शिवणघराला मालक नाही. आम्ही सहा जणी मिळून ते चालवतो, त्यामुळे साधी कात्री घ्यायची म्हटली तरी बैठक भरते. पंखा कुठं लावायचा यावर आम्ही अख्खा उन्हाळा घाम गाळला होता. पंखा लागला तो थंडीत.

नियम सगळे ताईचे. ताई माझी सख्खी थोरली बहीण, शिवणघर तिनंच उभं केलेलं. नुसती मान डोलावली किंवा गप्प बसलं तर ते धरायचं नाही. जिच्याबद्दल निर्णय आहे तिच्या तोंडाकडे बघून प्रत्येकीनं ‘मला चालेल’ म्हणायचं. पटत नसेल तर ‘नाही चालत, पण अडवत नाही’ म्हणून बाजूला राहायचं. आणि अगदीच नको असेल तर ‘मी अडवते’ म्हणायचं. एकीनं अडवलं की विषय तिथंच बारगळतो.

त्या दिवशी विषय ताईच होती. कापडाचे थर रचून ते विजेच्या पात्यानं एकदम कापायचे, हे काम पहिल्यापासून तिचं. काजं करणारी आमची काजेवाली थर दाबून धरायची, आणि ताई तिच्या बोटांजवळून पातं अलगद वळवायची. गेल्या आठवड्यात ते वळलं नाही. काजेवालीच्या बोटाला टाके पडले. पातं सरकलं, असं ताई म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. तिची नजर गेल्या वर्षापासून उतरत चालली होती, हे न कळायला आम्ही काय दुधखुळ्या होतो?

सकाळी घरातून निघताना ताईनं माझं मनगट धरलं.

“आज तू अडव. माझं मीच अडवणं शोभत नाही. एकीनं अडवलं तरी पुरे.”

“बरं,” मी म्हणाले. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. उभ्या जन्मात तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दुपारी दोरे आणायला बाहेर गेले होते, तिथं मुद्दामच वेळ काढला. परत आले तेव्हा बैठक सुरू झाली होती. माझी नेहमीची खुर्ची खिडकीशी, ताईच्या बरोबर समोर. सकाळी काढलेला माझा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच होता. तिथं बसायची माझी छाती झाली नाही. मी मुकाट्यानं दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

बैठक इस्त्रीवाल्या काकू चालवत होत्या. “विषय सगळ्यांना माहितीच आहे,” त्या म्हणाल्या.

“मला नाही माहीत,” ताई म्हणाली. “सांगा.”

काकूंनी दोनदा घसा खाकरला. “ताईंनी कापायचं मशीन सोडावं. घड्या घालाव्यात, शिकवावं, काहीही करावं.”

शिलाईला दोघी सख्ख्या जावा आहेत. थोरली म्हणाली, “बाकीच्यांना चालत असेल तर आम्हालाही चालेल.”

“हे धरत नाही,” ताई कडाडली. “आणि ‘आम्हाला’ काय? तोंडं दोन आहेत ना?”

मग दोघींनी एकेक करून ‘मला चालेल’ म्हटलं. थोरलीला रडू फुटलं. काकूंनीही आपलं सांगून टाकलं. काजेवालीनं पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला. “ताई, बोटाचा राग नाही हो. पण काल मशीन सुरू झालं आणि मी थर टाकून पळाले. मला चालेल.” ताई आवाजाच्या रोखानं एकेकीकडे वळत होती.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. “आता तुम्ही.”

ताई खिडकीकडे वळली. चेहरा एकदम मऊ झाला. “बोल गं,” ती माझ्या स्वेटरला म्हणाली. “अशी मान खाली घालून काय बसलीस?”

कुणी हसलं नाही. काकू काही बोलणार, तेवढ्यात मी त्यांना हातानं थांबवलं. ‘मी अडवते’ अगदी ओठांवर होतं. मला तिचा भयंकर राग आला. ‘मला दिसत नाही’, एवढं साधं तिनं मला तरी सांगायचं होतं! आणि माझ्या तोंडून ‘अडवते’ वदवून घेऊन ती उद्या पुन्हा पातं हातात धरणार होती.

मी उठले, खिडकीशी गेले आणि ती बघत होती त्या खुर्चीत स्वेटर मांडीवर घेऊन बसले. पावलं तिला ऐकू आलीच असणार. तिनं हात पुढे केला, स्वेटर चाचपला, आणि हात मागे घेतला.

“ताई,” मी म्हणाले, “मला चालेल.”

काकूंनी हळूच विचारलं, “आणि तुमचं, ताई?”

“नाही चालत,” ताई म्हणाली. “पण अडवत नाही. पुढचा विषय घ्या.”

पुढचा विषय होता, मशीनवर आता कोण. शेवटी ताईच म्हणाली, “हिला द्या. हिची नजर चांगली आहे.” आणि नियमाप्रमाणे माझ्या तोंडाकडे, या वेळी अगदी बरोबर माझ्या तोंडाकडे वळून म्हणाली, “मला चालेल.”

एकीनं तरी अडवावं म्हणून मी सगळ्यांकडे बघत राहिले.