अठ्ठाविसावं पान

भरत गुरुजींनी अंगठा जिभेला लावून पानं तिसऱ्यांदा मोजली, आणि तिसऱ्यांदाही ती सत्तावीसच भरली. पट अठ्ठावीसचा होता.

अठ्ठाविसावं पान आलं की काय काय पदरात पडणार, याची यादी गुरुजींना पाढ्यांसारखी पाठ होती. ‘गुणी आभाळात जाते’ हे त्यांनी लिहिलेलं आणि बायकोकडून रंगवून घेतलेलं चित्रगोष्टींचं पुस्तक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत जाणार. वर त्यांचं नाव, मागे त्यांचा फोटो. पुस्तकामागोमाग ते स्वतः पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात जाणार. म्हणजे ही घोड नदीकाठची दोन खोल्यांची वस्तीशाळा, वर्गात भरून राहिलेला कांद्याचा वास आणि पावसाळ्यात मोटरसायकल ढकलत यायचा तो चिखल, हे सगळं एका दमात सुटणार. त्यासाठी केंद्राची अट एकच होती. पुस्तकाच्या शेवटी दिलेलं निरीक्षण पटावरच्या झाडून सगळ्या मुलांनी केलेलं हवं.

निरीक्षण सोपं होतं. गोष्टीतली गुणी पत्र्याच्या यानात बसून चंद्र ओलांडते, शनीच्या कड्यावरून घसरगुंडी खेळते आणि शेवटच्या पानावर म्हणते, आता तुझी पाळी. रात्री आठला बाहेर ये. ओळीत उभे तीन तारे, म्हणजे तिकांडं, शोध. त्याच्या वरच्या अंगाला एक लाल तारा आहे, तो तुझ्या डाव्या हाताला दिसतो की उजव्या? आभाळ काढ, आभाळाखाली तुझं घर काढ, खाली पालकांची सही घे. असलं एखादं पान गुरुजींनी स्वतःच भरून टाकलं असतं. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून मोठमोठे कागद भरले होते. पण तपासायला येणाऱ्या नूतन मॅडमची ख्याती वाईट होती. त्या कागद बाजूला ठेवून पोरांनाच विचारत.

“समृद्धी, उभी ऱ्हा. तुझं पान?”

समृद्धी उभी राहिली. तिसरीतली पोर. तिचा बाप सावळेराम आहुपे खोऱ्यातला भात-नाचणीचा तुकडा मागे टाकून बाळासाहेबांच्या उसावर मजुरीला उतरला होता. उसाच्या कडेलाच पाचटाची कोपी होती, आणि कोपीत आई कुशाबाई, आजी सोनीबाई, बाप आणि ही, अशी चौघं राहत.

“गुर्जी, आमाला गच्ची नाय.”

“त्यांच्या घराला भिंतीच नायत, गुर्जी,” पुढच्या ओळीतून बाळासाहेबांची नात म्हणाली, “गच्ची कुठनं आणायची तिनी?”

वर्ग हसला. गुरुजीही हसले, वर्गापेक्षा थोडं कमी.

“आभाळ काय गच्चीवाल्यांनीच इकत घेतलंय व्हय गं?” हे वाक्य त्यांना स्वतःचंच इतकं आवडलं की त्यांनी ते तिथल्या तिथे अहवालाच्या समासात टिपून ठेवलं. “दारात उभं ऱ्हायचं, मान वर करायची. दोन मिन्टाचं काम.”

“आई म्हन्ती, दिस बुडल्यावर भायेर पाय ठिवायचा नाय. वाघ फिरतो.”

वाघ म्हणजे बिबट्या. जुन्नर-आंबेगावात त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. ऊस तिथे तो. दिवेलागणीला दारं लागतात, आणि खुरपायला बसलेल्या बाया दिवसासुद्धा गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून बसतात. वर्गातल्या अर्ध्या पोरांना चांदणं शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नव्हतं. गुरुजींनी अर्जात पहिलंच वाक्य लिहिलं होतं: बिबट्याच्या भीतीने आकाशाला मुकलेल्या मुलांसाठी.

“वाघ काय तुझ्याच पानाची वाट बघत बसलाय?” ते म्हणाले. “आज्जीला संगं घे.”

समृद्धी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. गुरुजींनी गठ्ठा टेबलावर आपटून त्याच्या कडा सारख्या केल्या.

“परवा पुण्याच्या मॅडम यायच्यात. सत्तावीस पोरांनी केलं, एकीनं नाय केलं. सांगू का त्यान्ला नाव?”

तिने मान हलवली. नको म्हणून.

संध्याकाळी निरगुडसरला घरी मोहिनी शेवटच्या चित्राला हात फिरवत बसली होती. गुणीला तिने स्वतःच्या लहानपणचा पिवळा फ्रॉक घातला होता, हे गुरुजींच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

“अहो, गुणीच्या अंगणात उजेड कसला दाखवू? लाईट तर रात्रीची दिवसाआड असते.”

“चांदण्यांचा दाखव.”

“चांदण्यात मी आपल्या पोराला अंगणात सोडीन का?”

“आपल्याला गच्ची आहे.”

“पुस्तकात ‘बाहेर ये’ लिहिलंय. ‘गच्चीवर जा’ नाही लिहिलेलं.”

“पुस्तक पुण्यात वाचणारेत, मोहिनी. तिथं वाघ नाही येत.” ते उठून चित्राजवळ आले. “आणि उसाला एवढा काळा रंग कशाला मारलास? हिरवा कर. पोरं घाबरतील.”

तिने उसावर हिरवा हात फिरवला.

सकाळी सातला बाळासाहेबांचा फोन आला. ते शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांचा फोन गुरुजी पहिल्या घंटेला उचलत.

“गुरुजी, घात झाला राव. सावळेरामची म्हातारी नेली वाघानी. रातच्याला, आठ-सव्वाआठ झालं असतील. उसात पन्नास पावलांवं घावली.”

“आणि पोरगी?”

“पोरगी धड हाये. बोलंना मात्र. दातखीळच बसलीये तिची.”

गुरुजींनी श्वास सोडला. हा श्वास पोरीसाठी होता, एवढं त्यांच्या बाजूने मांडलं पाहिजे. लगेच त्यांनी दुसराही सोडला; तो कशासाठी होता, ते शाळेचं वळण येईपर्यंत त्यांनी स्वतःलाही कळू दिलं नाही.

कोपीपुढे माणसं जमली होती. ट्रॅक्टरवरून पिंजरा आला होता आणि तो कुठे लावायचा यावरून चौघांची चार मतं होती. रस्ता अडवायचा का, साहेब येईस्तोवर थांबायचं, यावर तरण्या पोरांचा आवाज चढला होता. वनरक्षक गोकुळ बांधावर बसून मांडीवर पंचनामा लिहीत होता. कुशाबाई कोपीच्या कुडाला डोकं टेकून बसली होती. समृद्धी पाण्याच्या ड्रमामागे उभी होती.

“म्हातारी बाहेर का आली होती, एवढाच रकाना राहिलाय,” गोकुळ गुरुजींना म्हणाला. “नवराबायको बाळासाहेबांच्या गोठ्यावर होते, त्यांना ठाव नाही. पोरगी माझ्याशी बोलत नाही. तुम्ही विचारा. मास्तरचं ऐकतात पोरं.”

गुरुजी ड्रमामागे गेले आणि उकिडवे बसले. समृद्धीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फ्रॉकच्या आत हात घालून घडी केलेलं पान काढलं. घामाने ते मऊ पडलं होतं.

“समदं केलं,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली. “तारे काढलं. ऊस काढला. फक्त डावा का उजवा त्ये इसरले, आत आल्याव. मग आजी म्हन्ली, तू बस, म्या बघून येते.” ती थांबली. “सांगाया आलीच नाय.”

गुरुजींनी पान उघडलं. तीन तारे ओळीत होते, त्यावर तांबड्या खडूचा एक ठिपका पानाच्या अगदी मधोमध, कुठल्याच बाजूला नसलेला. खाली उसाचे तुरे. सहीच्या जागी काजळीचा अंगठा उठला होता. सोनीबाईने सही आधीच करून ठेवली होती. उत्तराची जागा तेवढी कोरी होती.

“काय म्हणते?” गोकुळने बांधावरून विचारलं.

गुरुजी उठले. उठता उठता पान त्यांच्या खिशात गेलं.

“लघवीला लागली व्हती म्हन्ते पोरीला. म्हातारी संगं आलती.”

समृद्धी त्यांच्याकडे बघत राहिली.

“व्हय ना, समे? लघवीला लागली व्हती ना?”

तिची नजर त्यांच्या खिशाकडे गेली.

“लागली व्हती ना गं?”

गुरुजींनी एकच प्रश्न दोनदा विचारला की त्याचं उत्तर ‘हो’ असतं, हे पहिलीपासून वर्गातल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. समृद्धीने मान डोलावली. गोकुळने रकाना भरला.

सावळेराम बांधाच्या कडेने हळूहळू आला. त्याने पोरीला मारलं नाही. मारलं असतं तर चार माणसं मध्ये पडली असती.

“कितीयेळा सांगितलं तुला,” तो म्हणाला, “दिस हाये तवरच जाऊन येत जा म्हून.”

कुशाबाईने कुडाकडे तोंड फिरवलं, आणि लेक तिच्याजवळ येऊन बसली तेव्हा अंग जरा आवरून घेतलं.

रात्री गुरुजींनी पान टेबलावर सरळ केलं. पेन्सिल डाव्या हातात धरली, म्हणजे अक्षर पोराचं दिसेल, आणि कोऱ्या जागेवर लिहिलं: डाव्या. मोहिनी मागे ब्रश धुवत उभी होती. वर्गात काय बोलणं झालं होतं ते तिला शेजारच्या पोरीकडून कळलं होतं.

“कुणाचं पान ते?”

“राहिलेलं.”

तिने काजळीचा अंगठा पाहिला. ब्रशाचं पाणी बराच वेळ गळत होतं.

“पुस्तकावर माझं नाव घालू नका,” ती म्हणाली.

ती रडेल, भांडेल असं धरून गुरुजींनी चार उत्तरं तयार ठेवली होती. एवढ्यावर भागतंय म्हटल्यावर ते चटकन ‘बरं’ म्हणाले.

सोनीबाईचा दहावा होईपर्यंत तपासणी पुढे ढकलली गेली; मॅडमना कारण ‘वस्तीवर दुःखद घटना’ एवढंच कळवलं होतं. शाळेतही नीट दुखवटा पाळला गेला. गुरुजींनी स्वतः शोकसभा घेतली, मग रोज मधल्या सुट्टीत समृद्धीला एकटीला थांबवून लाल तारा पाठ करून घेतला. नूतन मॅडम आल्या त्या दिवशी ऊन छान पडलं होतं. त्यांनी पानं पाहिली, भिंतीवर लावलेली गुणीची चित्रं पाहिली, आणि ख्यातीप्रमाणे सगळं बाजूला सारून पोरांसमोर खाली बसल्या. तिघांना विचारलं. चौथ्यांदा बोट समृद्धीकडे गेलं.

“लाल तारा कुठल्या हाताला?”

“डाव्या.”

“तू स्वतः पाहिलास?”

गुरुजींच्या हातातला खडू मोडला.

“आजीनी पाह्यला,” समृद्धी म्हणाली.

“आजीने?” मॅडमचा चेहरा उजळला. “अरे वा! आजीसुद्धा बाहेर आली तारे बघायला?”

“व्हय.”

मॅडम वहीत लिहू लागल्या. गुरुजींनी मान लांब करून वाचलं: उपक्रम घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचला आहे, विशेष उल्लेखनीय. त्यांनी मान परत जागेवर नेली.

दुपारी खिचडी झाली. पाहुण्या म्हणून मॅडमही पोरांच्या पंगतीला बसल्या. खिचडी शिजवणारी साळुबाई जग घेऊन पाणी वाढत आली, आणि समृद्धीने पेल्यावर तळहात ठेवला.

“पाणी पी ना बाळा,” मॅडम म्हणाल्या. “तिखट आहे खिचडी.”

“न्हाई पीत ओ ती,” साळुबाई म्हणाली. “शाळंत घोटभर न्हाई, घरी न्हाई. रातीला उठाया लागू नये म्हून. आजी गेली न्हवं तिची, हिला भायेर न्यायच्या पायी. वाघानी नेली.”

मॅडमचा घास हातात राहिला. त्यांनी समृद्धीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

“हीच आजी? तारा पाहणारी?” त्यांचा आवाज खाली आला. “गुरुजी, ती बाहेर कशाला आली होती?”

गुरुजींनी समृद्धीकडे पाहिलं. पुण्याचं केंद्र, पुस्तक, फोटो, सगळं त्या पंगतीत एका आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं.

समृद्धी उभी राहिली. उत्तर द्यायचं असलं की उभं राहायचं, अशी शाळेची रीत होती. हात पाठीमागे बांधून, पाढा म्हणावा तशा आवाजात ती म्हणाली,

“मला लघवीला लागली व्हती.”

“अगं, तुझी काही चूक नाही त्यात,” मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे पुसले. “बस. जेव.”

मार्चअखेर निवड कळली. गुरुजींना पुणे मिळालं, शाळेला भिंतीवर लावायला एक तसबीर मिळाली, बाळासाहेबांना सत्काराच्या दिवशी मधली खुर्ची. मोहिनीचं नाव निघाल्यामुळे मुखपृष्ठावर जागा झाली, तिथे गुरुजींचं अक्षर मोठं घेता आलं. सोनीबाईने द्यायची ती किंमत एका रात्रीत देऊन झाली होती. राहता राहिली समृद्धी. एप्रिलच्या उन्हात तिला शाळेत दोनदा चक्कर आली. साळुबाईने तोंडावर पाणी मारलं, तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले.