समेटाचा आठवडा

"आणखी?" हेमाक्काने विचारलं.

महादेवी थांबली. जावेने तिच्या भिंतीवर गोवऱ्या थापल्या, हे सांगून झालं होतं. सांगितल्यावरही मुद्दाम पुन्हा थापल्या, तेही झालं होतं. आता तिने पदर डोळ्यांना लावला आणि खरी गोष्ट बाहेर आली. तिच्या बाळंतपणात जाऊ एकदाही उंबरा ओलांडून आत आली नव्हती. समोर बसलेल्या जावेने, अक्कम्माने, मान खाली घातली. मग दोघीही रडल्या. हेमाक्काने छोटीशी प्रार्थना केली आणि गोवऱ्यांचं भांडण मिटलं.

राजेश्वर गावाच्या पलीकडच्या त्या वाडीतल्या ख्रिस्ती मंडळीत वर्षातून चारदा प्रभुभोजन व्हायचं. त्याच्या आधीचा आठवडा समेटाचा. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने आधी जाऊन मिटवायचं, मगच भाकरीला हात लावायचा, असा कडक नियम होता. उपासना चालवायचे पाळक; मिटवायचं काम मात्र बायबलबाईचं, म्हणजे हेमाक्काचं. बिदरच्या मिशनमधल्या मिसबाईंनी तिला तरुणपणी हे काम शिकवलं होतं. उपदेश शेवटी करायचा, जमलं तर करायचाच नाही. आधी ऐकायचं. माणूस थांबला की 'आणखी?' म्हणायचं. खरं दुखणं तिसऱ्या खेपेला बाहेर येतं. आणि ऐकलेलं तिसऱ्या माणसाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

वीस वर्षांत हेमाक्काने कितीतरी जावा, बापलेक आणि नवराबायको असे एकत्र बसवले होते. तिच्या स्वतःच्या पोटात काय आहे हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. विचारणारी तीच, मग तिला कोण विचारणार?

ती उठून चप्पल घालत होती तेवढ्यात गौरम्मा दारात आली. गौरम्मा म्हणजे शाळेची घंटा देणाऱ्या मडिवाळप्पाची एकुलती एक मुलगी. वय बावीस, आई वारलेली.

"अप्पा बोलवायलेत तुम्हाला," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, पाणी बी उतरंना गेलंय. पाळक आलते तर त्यान्ला माघारी लावून दिले. हेमाक्कालाच बोलव म्हणायलेत."

हेमाक्काला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. सहा वर्षं ती या निरोपाची वाट बघत होती.

सहा वर्षांपूर्वी, अठ्ठेचाळीस साली, मिलिटरी आली आणि निजामाचं राज्य गेलं. त्याआधी रझाकारांनी लोकांना छळलं होतं, त्याचं उट्टं मग भलत्याच माणसांवर निघू लागलं. वाडीतला हुसेन पिंजारी जन्मभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजत आलेला माणूस. बाहेरगावचा जमाव येतोय असं कळल्यावर तो बायको आणि दोन लेकरं घेऊन मिशनच्या शाळेत आला. शाळेचे मास्तर काशप्पा, म्हणजे हेमाक्काचे यजमान. त्यांनी चौघांना माळ्यावर चढवलं आणि शिडी काढून घेतली. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती: मास्तर, हेमाक्का, आणि माळ्यावर पाणी पोचवणारा मडिवाळप्पा. तिसऱ्या दिवशी जमाव आला तो इकडेतिकडे न बघता थेट माळ्याखाली जाऊन उभा राहिला. मास्तर जमावाला आडवे गेले. संध्याकाळपर्यंत शाळेत पाच प्रेतं होती.

मास्तर गेले आणि हेमाक्काने तोंड उघडलं नव्हतं. मग उरलं कोण? एवढा विचार करायला शाळा शिकावी लागत नाही.

पण ती कुणाला काही बोलली नाही. मडिवाळप्पाने स्वतःच्या तोंडाने सांगावं, असं तिने मनाशी धरलं होतं. तो कबूल होत नाही तोवर भांडण नाही, आणि भांडण नाही तोवर आपण भाकरी घ्यायला मोकळ्या, अशी तिने स्वतःची समजूतही घालून ठेवली होती. दर तीन महिन्यांनी तो पुढच्या रांगेत बसून भाकरी तोडायचा आणि ती बायकांच्या बाजूने त्याच्या मानेकडे बघत राहायची. त्याची बायको वारली तेव्हा हेमाक्काने डोकं दुखतं म्हणून दुसऱ्या बाईला पाठवलं. कधी ना कधी हा माणूस अंथरुणाला खिळेल, घाबरेल आणि मला बोलवील, असं ती भाकऱ्या थापताना स्वतःशी म्हणायची. तेव्हा काय बोलायचं तेही तिने ठरवलं होतं.

मडिवाळप्पा खाटेवर पडला होता. घशाच्या गाठीने मान वाकडी झालेली. एवढा उंचापुरा माणूस, आता वाळून नुसती हाडं उरली होती. हेमाक्काने स्टूल ओढलं आणि बसली. गौरम्माला त्याने बाहेर जायला खुणावलं. ती अंगणात जाऊन ज्वारी निवडू लागली.

सुरुवातीला तो इकडचं तिकडचंच बोलला. बायकोला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही. भावाशी खोटं बोललो. घंटा द्यायला उशीर झाला की मास्तरांपुढे बहाणे केले. हेमाक्का दर वेळी शांतपणे 'आणखी?' म्हणत होती. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. इतका मऊ आवाज काढणं आपल्याला जमतंय याचं तिलाच नवल वाटत होतं.

चौथ्या खेपेला तो रडायला लागला.

"माळा मीच दाखवलो, अक्का."

"आणखी?" ती म्हणाली.

"हिरीपाशी धरले मला. तुझ्या घरात बी कोण कोण हाय बघतो म्हणाले. पोरगी तवा सोळाची. माय माहेरी गेलती, घरात एकटी होती. मी शाळेच्या माळ्याकडं हात वर केलो. तोंडानं काई बोललो न्हाई, निस्ता हात केलो."

हे ऐकलं की काळीज फाटेल असं हेमाक्काला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. उलट पाठ ताठ झाली. ती उठली, दारापाशी गेली आणि गौरम्माला आत बोलावलं.

मडिवाळप्पाच्या डोळ्यांत भीती आली. तो नाही नाही अशी मान हलवू लागला. वीस वर्षांत हेमाक्काने कुणाचं ऐकलेलं तिसऱ्याला सांगितलं नव्हतं. आज सांगणारही नव्हती. त्यालाच सांगायला लावणार होती.

"आता हिच्यापुढं सांग," ती म्हणाली. "कुणापायी केलास, ते बी सांग."

त्याने सांगितलं. अडखळत, थुंकी गिळत, पण सगळं सांगितलं. हेमाक्का त्याच्याकडे बघत नव्हती, गौरम्माकडे बघत होती. हेच तिला हवं होतं. ज्या पोरीसाठी त्याने पाच माणसं दिली, त्या पोरीने त्याच्याकडे कसं बघावं हे तिला या डोळ्यांनी बघायचं होतं. गौरम्मा भिंतीला टेकून खाली बसली. हातातलं सूप तिने बाजूला ठेवलं आणि बापाकडे बघितलं, ते अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"मास्तरला वढत नेताना त्यांनी मला बघितले," मडिवाळप्पा म्हणाला. "त्यान्ला कळलंतं. घरी जा मडिवाळ म्हणाले. पोर एकटी हाय म्हणाले. एवढंच."

हे हेमाक्काला माहीत नव्हतं. नवऱ्याने माफ करून टाकलं होतं. मरता मरता, एका श्वासात, बायकोला न विचारता. आयुष्यभर ते असेच वागले होते. घरातलं शेवटचं पीठ द्यायचे आणि मग सांगायचे. तिला मडिवाळप्पाचा आला नव्हता इतका राग क्षणभर मास्तरांचा आला.

"त्यांनी माफ केले, अक्का," मडिवाळप्पा म्हणाला. "आता तू एकदा म्हण. मग मी सुटतो."

"त्यांनी त्यांचं दिलं. माझं माझ्यापाशी हाय," हेमाक्का म्हणाली. "आन् हुसेनच्या लेकरांचं कोण देणार? मी? मला कुणी सांगितलंय?"

"अक्का..."

"न्हाई. तू असाच जा."

हेच ते ठरवून ठेवलेलं वाक्य. सहा वर्षं घोकलं होतं, आणि बोलायला एक क्षण लागला. तिने पदर सारखा केला आणि बाहेर पडली.

अंगणाच्या कडेला गौरम्माने तिला गाठलं. पोरीचे डोळे कोरडे होते.

"तुम्हाला ऐकायचं हुतं, ऐकलात. मला कामून ऐकवलात?"

हेमाक्काकडे उत्तर होतं. तुझ्या बापाला दुखावं म्हणून. पण ते या पोरीच्या तोंडावर बोलता येईना. इतकी वर्षं तिने सूड धरून ठेवला त्यात गौरम्मा कुठेच नव्हती. बापाला मारायला हाताशी सापडलं ते हत्यार म्हणून ती आज आत आली होती. हेमाक्का तिच्या शेजारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाळक शंकरप्पा तिच्या घरी आले. हुमनाबादकडचे, तिशीतले, मनाने चांगले गृहस्थ. मडिवाळप्पाने त्यांना सगळं सांगितलं होतं. आता लपवायला राहिलंच काय होतं? पाळकांनी तिचं बरंच सांत्वन केलं. मग मुद्द्यावर आले. माणूस तडफडतोय, म्हणाले. तुम्ही नुसतं म्हणा. मनातून व्हायला वेळ लागेल, तो देव देईल. आज तोंडाने तर म्हणा, एका शब्दाने काय जातंय?

"शब्दच तेवढा राहिलाय माझ्याकडं," हेमाक्का म्हणाली. "बाकी सगळं नेलं त्या लोकांनी."

"हेमाबाई, रविवारी मग तुम्हालाही भाकरी घेता यायची नाही. नियम तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात."

"ठाऊक हाय मला."

पाळक गेल्यावर ती बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. आपण चुकलो असं तिला एकदाही वाटलं नाही. फक्त गौरम्माने बाजूला ठेवलेलं सूप पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होतं. त्या पोरीकडे जावं, काहीतरी बोलावं, असं मनात यायचं. पण काय बोलणार? दुसऱ्यांच्या घरात हे सगळं तिला किती सोपं जायचं.

शुक्रवारी दुपारी मडिवाळप्पा गेला. शेवटपर्यंत तो दाराकडे बघत होता, असं अक्कम्मा सांगत आली. गौरम्मा त्याची सेवा करत होती, पाणी पाजत होती, अंग पुसत होती, पण त्या दिवसापासून बापाशी एक अक्षर बोलली नव्हती. हे ऐकून हेमाक्काला हवं होतं ते मिळालं. ती आत गेली आणि उगाच भांडी घासत बसली. मातीला ती गेली नाही.

रविवारी सकाळी पाळक चर्चच्या दारातच तिची वाट बघत उभे होते.

"तो गेला, हेमाबाई. आता कशाचं भांडण? या पुढे."

"माणूस गेला. भांडण कुठं गेलंय?"

बायकांच्या बाजूला सतरंजी अंथरली होती. इतर वेळी हेमाक्का पुढे बसायची, आज शेवटच्या ओळीत भिंतीजवळ जाऊन बसली. माणसं वळून बघत होती. महादेवी आणि अक्कम्मा शेजारी शेजारी बसल्या होत्या, महादेवीचं पोर अक्कम्माच्या मांडीवर होतं. थोड्या वेळाने गौरम्मा आली. केस विंचरलेले नव्हते. तिने सगळीकडे एकदा बघितलं आणि त्याच शेवटच्या ओळीत, एका माणसाची जागा मध्ये सोडून, बसली. हेमाक्काला वाटलं, ही आपल्यापाशी येऊन बसली आहे. तिने जराशी सरकून जागा केली. गौरम्मा हलली नाही.

पाळकांनी प्रार्थना केली, नियम वाचून दाखवला. ज्याचं मन कुणाविषयी स्वच्छ नाही त्याने घेऊ नये, पुढे द्यावं. भाकरीचं ताट पुढच्या ओळीतून हातोहात मागे आलं. हेमाक्काच्या हातात ते आलं तेव्हा तिने भाकरीला बोट लावलं नाही. मधल्या रिकाम्या जागेवरून हात लांब करून तिने ताट गौरम्मापुढे धरलं.

गौरम्माने ताटाकडे बघितलं. मग मान वर करून हेमाक्काकडे बघितलं, बराच वेळ. तिने ताट घेतलं, भाकरीला हात लावला नाही, आणि पुढे दिलं.