हाडाच्या सवडीने

या, जरा जवळ सरका. पुढच्यांनी मांडी आवरा, मागच्यांना जागा द्या. एका दाताची गोष्ट सांगायची आहे. दात एकच, तेव्हा फार लांबणार नाही.

एक सुतारमिस्त्री होते. त्यांनी बसवलेलं दार फुंकरीने मिटे. दोन्ही हात कामात गुंतले की स्क्रू ठेवायचे कुठे? समोरच्या दातांत. उभा जन्म त्यांचा असाच गेला. एकदा त्यांनीच बसवलेलं एक दार वाऱ्याने चोख मिटलं, आणि मिस्त्री मध्ये होते. वरचा समोरचा दात मुळासकट गेला. दाराला काही झालं नाही.

चावायला बाकीचे दात होते. गेली ती शीळ.

मिस्त्रींच्या बायकोला उजेड तेवढा कळे, माणूस कळत नसे. म्हणून दाराला आतून कडी. संध्याकाळी मिस्त्री गल्लीच्या तोंडाशी शीळ घालत. प्रार्थनासभेत गाऊन सांगितलेल्या एका उपदेशाचं ते धृपद होतं. उपदेश दोघंही विसरली होती, चाल तेवढी राहिली होती. शीळ ऐकली की ती चहाचं आधण ठेवी, आणि मिस्त्री उंबऱ्याशी पोचेतो कडी निघालेली असे. स्वतःच्या दारावर थाप मारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

आता ओठांतून नुसतं फूऽस निघे. दार बंद. मिस्त्री थाप मारत.

“कोण?”

“मी.”

“मी तर सगळेच असतात. मी कोण?”

‘मी कोण’ हा प्रश्न उपदेशात ऐकायला बरा वाटतो, स्वतःच्या उंबऱ्यावर नाही. मिस्त्री उठले आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

“हाडात स्क्रू बसवायचा, काका. त्यावर दात.”

मिस्त्रींची कळी खुलली. “हे तर आमचंच काम. म्हणजे संध्याकाळी मोकळं?”

“लाकूड नाही हे. हाड जिवंत असतं. ते स्क्रूला आपणहून धरतं, त्याच्या सवडीने. काही महिने जातात.”

“एवढ्यात मी घर उभं करतो, बाई.”

“करा ना. फक्त तोंडात करू नका.”

बाईंनी साखर तपासायला लावली, चालू गोळ्या विचारल्या, जबड्याचा फोटो काढला. हाड पुरेसं निघालं.

“तंबाखू?”

“थोडी.”

“थोडीही नको. जखम भरत नाही, हाड धरत नाही.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी मिस्त्रींनी खुर्चीचे हात गच्च धरले. सुई टोचली तेवढीच. मग हिरडी बधिर झाली. पुढे दुखलं असं नाही, नुसता दाब आणि कवटीत घरघर. मिस्त्री सवयीने कान देऊन होते. ‘यंत्राचा वेग बेताचा ठेवलाय, शाबास,’ असं ते म्हणाले. बाहेर “ऊं ऊं” एवढंच आलं.

“हो, हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग टाके घातले, चावून धरायला कापूस दिला. आज जोरात चूळ भरायची नाही, थुंकत बसायचं नाही, नळीने काही ओढायचं नाही. बाहेरून बर्फ, खायला मऊ आणि गार. सूज आधी वाढेल, मग उतरेल. वाढतच राहिली, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच यायचं.

दुसऱ्या दिवशी गाल असा टम्म फुगला की बायकोने हात फिरवून म्हटलं, “अहो, तोंडातला घास गिळा तरी.”

“गिळलाय.”

सूज उतरली, टाके निघाले. दिसण्यापुरता एक काढता-घालता दात मिळाला. पहिल्याच शिळेला तो शेजाऱ्यांच्या अंगणात गेला. शेजाऱ्यांनी धुऊन आणून दिला.

हिरडीतून स्क्रूची बारीक टोपी डोकावत होती. मिस्त्री रोज आरशात बघत. सुताराला उघडा स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. एका सकाळी त्यांनी चष्म्याचा पेचकस काढला आणि टोपीला एक पीळ दिला. घट्ट बसावी म्हणून. टोपी फिरली. तिच्याबरोबर आतला स्क्रूही फिरला.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात बघितलं, मग मिस्त्रींच्या खिशाकडे. “काका, तो पेचकस इकडे द्या.”

मिस्त्रींनी दिला.

“नशीब, फिरलाय, पण हलत नाही. वर हिरडी शिवून टाकते. म्हणजे दिसणार नाही, आणि तुम्ही छळणार नाही. वाट मात्र पहिल्यापासून.”

“मी नुसतं घट्ट...”

“तुमचं काम संपलं होतं. हाडाचं चालू होतं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही?”

मिस्त्री प्रार्थनासभेत मागे जाऊन बसले आणि पुन्हा वाट बघू लागले. दिवसभर दारं बसवायची, स्क्रू खिशात ठेवायचे, संध्याकाळी फूऽस करत घरी यायचं.

हाडाने अखेर धरलं. कोणाला न सांगता, आत, अंधारात. डॉक्टरीणबाईंनी शिवलेली हिरडी उघडली, ठोकून-तपासून माप घेतलं आणि दात चढवला. ओठ मिटला तर आत कोणी उपरं आहे असं वाटेना.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी गल्लीच्या तोंडाशी शीळ घातली. स्वच्छ, सुरात, पूर्ण धृपद. ऐटीत उंबऱ्याशी आले. कडी तशीच.

त्यांनी दारातच पुन्हा शीळ घातली.

आतून बायको म्हणाली, “मिस्त्री घरी नाहीत हो. यायची वेळ झालीय.”

“अगं, मी!”

“मी कोण? आमचे फूऽस करतात.”

इतक्या महिन्यांत तिने फूऽसवर कान बसवला होता. त्या आवाजावर कडी केव्हापासूनच थापेआधी निघू लागली होती. मिस्त्री शिळेच्या शोकात होते, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं की थाप मारणं कधीचं थांबलंय.

मग मिस्त्री नव्या कोऱ्या दातावर ओठ दाबून, गाल फुगवून, जमेल तेवढं वाईट फुंकले.

फूऽस.

कडी निघाली. आधण उकळत होतं.

मंडळी, आज घरी जाल तेव्हा दार ठोठावण्याआधी उंबऱ्याशी क्षणभर थांबा. जिने कधीतरी तुमची मोडकी हाक ओळखून कडी काढली, तिची आठवण काढा.