आई कुठली?

सकाळी लेकीने, ठकूने, पोट धरलं, तसा तिने हातातलं टाकून तिथे हात ठेवला.

“कुठे दुखतंय? वर की खाली?”

“शाळेत,” ठकू म्हणाली.

नवरा हसला. “झालं निदान! सोड आता तिला.”

तीही हसली, पण लेकीच्या पोटावरचा हात तिने लगेच काढला नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या आईने असंच पोट धरलं होतं, आणि “पित्त असेल गं,” म्हणून तिनेच दोन महिने घालवले होते.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती जठरातल्या गाठींचे तुकडे मेणात बसवून ब्लॉक करायची आणि त्यांचे केसाहून पातळ काप काचेवर चढवायची. सध्या डॉक्टरीणबाईंनी नवंच काम काढलं होतं. कॅन्सर तोच, पण डोंगरापलीकडच्या माणसांत आणि इकडच्या माणसांत त्याचा स्वभावही एकच असतो का, ते ताडून पाहायचं. इकडचे ब्लॉक निळ्या खणात, पलीकडचे पांढऱ्या.

दुपारी बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. “हा दोनशे चौदा बघ. आहे निळ्या खणातला, पण वागतोय पलीकडच्यांसारखा. आपल्याकडे गाठ बहुतेक जठराच्या वरच्या तोंडाशी, पेशी घोळक्याने. याची गाठ पार खाली आणि पेशी एकेकट्या, पांगलेल्या. एकटा कार्टा सगळा तक्ता बिघडवतोय!”

दोनशे चौदा. आईच्या रिपोर्टवरचा आकडा. तो तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

माणूस कुठला, हे बाईंनी भरतीच्या फॉर्मवरून उचललं होतं. आणि तो फॉर्म हिनेच भरला होता. बाहेरगावच्यांना तीन आठवडे थांबावं लागे, इथल्यांना दुसऱ्या दिवशी खाट मिळे. म्हणून हिने आपला पत्ता लिहिला आणि पुढे ठोकून दिलं, ‘वास्तव्य जन्मापासून’.

“अगं, मी इथली कधी झाले?” आई कागदात डोकावून म्हणाली होती.

“आई, गप्प बस ना जरा.”

“इथे मेलं बोलायला माणूस नाही, आणि म्हणे जन्मापासून!”

त्यानंतर रोजचं एकच. घरी कधी नेतेस? पुढच्या आठवड्यात, आई. तो आठवडा काही उजाडला नाही.

“उद्या तक्ता पाठवायचाय,” बाई म्हणाल्या. “वगळूनच टाकू याला.”

गप्प राहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण वगळायचं? म्हणजे आई ना इकडची, ना तिकडची.

“बाई, तो पलीकडचाच आहे. म्हणजे ती. माझी आई आहे ती.”

बाईंनी चष्मा काढला. “फॉर्म कुणी भरला?”

“मी. खोटा भरला.”

“वर कळलं तर घरी बसवतील तुला.”

“हो.”

मग बाईंनी दुरुस्तीचा कागद पुढे सरकवला. “लिही, घडलं तसं. खाली तुझी सही, शेजारी माझी. वरच्यांशी मी बोलेन, पण शब्द देत नाही. आणि काय गं, माझ्या तोंडून आईला कार्टा म्हणवलंस!”

तिला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू. “बाई, माझी ठकू इथे जन्मली. तिचं पोट कुठलं धरायचं?”

“आजीच्या गावचं की तुझ्या घरचं, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. म्हणून तर हे खण भरतोय आपण.”

‘जन्म आणि वास्तव्य’ या रकान्यात तिने आईच्या गावाचं नाव लिहिलं. गल्लीसकट. गल्ली कुणी विचारली नव्हती.

मग निळ्या खणातून तिने तो ब्लॉक उचलला. तळहातावर वजन असं नव्हतंच. पांढऱ्या खणात पलीकडचे एकसष्ट जण दाटीवाटीने बसले होते. बोटाने त्यांना जरा सरकवून तिने मधोमध जागा केली.

“बस,” ती हळूच म्हणाली. “बोल आता पोटभर.”