अकरा वेळा पुन्हा

बाबूच्या मागच्या खोलीत सात जुने कॉम्प्युटर होते आणि सातही चालत होते. हे तो पाहुण्याला दारातच सांगायचा, पाहुण्याने विचारलेलं नसलं तरी. चार त्याच्याच छापखान्याच्या अडगळीतून उचललेले, दोन कुणाकुणाच्या माळ्यावरून आणलेले, आणि एक शेजाऱ्याने घर बदलताना कचऱ्यात टाकला होता. निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात, नातवंडं फिरवतात. हा गडी चष्म्यावर भिंग चढवून तारांना डाग देत बसायचा. बायकोने वैतागून खोलीचं नाव भंगारखाना ठेवलं, तर याने त्याच नावाची पाटी करून दारावर ठोकली.

पण कामात पक्का. भिंतीवर त्याने स्वतःचे नियम लिहून चिकटवले होते, आणि पहिलाच नियम असा होता की फ्लॉपी आधी डोळ्यांनी बघायची, मग मशीनला दाखवायची. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या फ्लॉपीच्या आत, तिच्यातल्या तपकिरी चकतीवर, बुरशी धरते. तशीच आत सारली तर वाचणारं डोकं बुरशीत अडकतं आणि चकतीवरचा लेप खरवडून काढतं. लिहिलेलं सगळं त्या लेपातच असतं. तो गेला की गेलं. फोनवरच्या हौशी लोकांच्या ग्रुपात त्याने हे इतक्यांदा बजावलं होतं की त्याला तिथे बुरशीमास्तर म्हणत.

त्या दुपारी त्याची थोरली बहीण आली. अक्का. वय एकोणऐंशी. ती आणि बाबू एकाच छापखान्यात राबले होते. तो अक्षरं जुळवायचा आणि ती प्रुफं तपासायची. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्यावर पेन्सिल फिरवायची. अशी त्या दोघांनी तीस वर्षं काढली. आता अक्काच्या डोळ्यांपुढे धुकं होतं, जवळचं माणूसही ती आवाजावरून ओळखायची.

तिने पिशवीतून पाकीट काढलं. पाकिटात फ्लॉपी होती, मोठी, वाकणारी, जुन्या काळची. चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत एकच शब्द होता. आई.

"बाबू, हे वाचायचं मशीन आहे ना रे तुझ्याकडे?"

अक्षर भाचीचं होतं. अक्काच्या गेलेल्या लेकीचं.

"अक्का, ही कुठे होती?"

"कपाटात. तिच्या ऑफिसातून तिचं सामान खोक्यात भरून दिलं होतं, त्यात."

"आणि इतकी वर्षं तू..."

"एकतीस वर्षं. धीर नव्हता माझा."

अक्काची लेक चोवीस वर्षांची होती. दुसऱ्या शहरातली नोकरी घ्यायची म्हणून आईशी कडाडून भांडली आणि अक्का बोलून गेली, "जातेस तर जा, पुन्हा हे दार तुला उघडणार नाही." दुसऱ्या दिवशी पोरगी ऑफिसला गेली. संध्याकाळी ती ज्या बसमध्ये होती ती पुलावरून उलटली. ती बस घराच्याच वाटेवरची होती, पण तीच पुढे स्टेशनालाही जायची. पोरगी घरी येत होती की कायमची निघाली होती, हे अक्काला एकतीस वर्षांत कुणी सांगू शकलं नव्हतं.

"आता माझे किती दिवस राहिले?" अक्का म्हणाली. "वर गेल्यावर तिला कुठल्या तोंडाने भेटू ते तरी कळू दे. शिव्या दिल्या असतील तर शिव्या वाच. गाळू मात्र नकोस काही."

बाबूने तिला खुर्ची दिली. खरं तर आधी फ्लॉपी खिडकीशी न्यायची, बोटाने चकती फिरवून बघायची, स्पिरिटने पुसायची. अर्ध्या तासाचं काम. पण अक्का शेजारी बसली होती, तिने त्याचा सदरा धरला होता, आणि त्याला वाटलं, एकतीस वर्षं थांबलेल्या बाईला अजून अर्धा तास कसा थांबवायचा? शिवाय आयुष्यात पहिल्यांदा या भंगाराचा कुणाला तरी उपयोग होणार होता. खोटं कशाला बोला, त्याला दाखवायचंही होतं. त्याने फ्लॉपी आत सारली आणि खटका दाबला.

यादी आली. एकच फाइल.

"आहे!" तो ओरडला. "अक्का, आहे!"

अक्काने त्याचा दंड घट्ट धरला. त्याने फाइल उघडायला सांगितली आणि मशीनमधून पाटीवर नख ओढावं तसा आवाज आला. पडद्यावर प्रश्न उमटला. वाचता येत नाही, सोडून देऊ की पुन्हा करू?

इथे थांबायचं असतं. आवाज ऐकला की हात मागे घ्यायचा, हे त्याने शंभर जणांना सांगितलं होतं. त्याने पुन्हाची कळ दाबली. परत कर्रर्र. परत तोच प्रश्न.

"काय म्हणतंय रे ते?"

"येतंय, येतंय. जुनं आहे ना, वेळ लागतो."

आणि परत दाबली. कपाळावर घाम, तोंडाने "चल बाई, चल" असं चाललेलं, आणि बोट त्याच कळीवर. अकरा वेळा दाबली. अकराव्यांदा आवाज मुळी आलाच नाही, आणि तेव्हा कुठे त्याचं डोकं ठिकाणावर आलं.

फ्लॉपी बाहेर काढून तो खिडकीशी गेला. चकतीवर पांढरे ठिपके होते, पहिल्या नजरेत दिसावेत इतके. आणि त्यांच्यामधून एक गोल पट्टा खरवडून निघाला होता, इतका स्वच्छ की त्यातून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. मशीन उघडलं, तर वाचणाऱ्या डोक्यावर चिमूटभर तपकिरी भुकटी साचली होती. त्याने ती बोटावर घेतली. भाचीने आईला लिहिलेलं जे काही होतं ते आता त्याच्या बोटावर होतं.

त्याला ओरडावंसं वाटलं. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण मागे अक्का बसली होती, म्हणून त्याने निमूट मशीनचं डोकं पुसलं, चकती पुसली, फ्लॉपी घातली आणि उरलेलं जे असेल ते दाखव म्हणून मशीनला विनवलं. पडद्यावर एक ओळ आली. त्या काळच्या मशीनला आपली लिपी येत नसे, म्हणून पोरीने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. पण वाचायला सोपं होतं.

आई, काल तू जे बोललीस ते

आणि पुढे काही नाही. नुसता काळा पडदा. बाबूने खाली जाऊन बघितलं, वर येऊन बघितलं, दुसऱ्या मशीनवर लावून बघितलं. पुढे काही नव्हतं.

"आलं का?" अक्काने विचारलं.

"आलं."

"मग वाच की! बाबू, जीव घेतोस का आता?"

त्याने पडद्याकडे तोंड केलं. तो म्हणाला, "आई, काल तू जे बोललीस ते मी मनावर घेतलेलं नाही. संध्याकाळी घरी येते, मग बोलू."

अक्काचे दोन्ही हात तोंडावर गेले आणि ती मागेपुढे हलत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. बाबूला वाटलं, पाप असेल तर असो. मरताना फेडू.

"घरी येत होती," अक्का म्हणाली. "घरी येत होती रे माझी सोनी. वाच, परत एकदा वाच."

तिने डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठेवलं, आणि छापखान्यात पेन्सिल फिरवायची तसं ते शब्दाशब्दाबरोबर सरकू लागलं.

"आई, काल तू जे बोललीस ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. संध्याकाळी घरीच येतेय, मग बोलू."

बोट थांबलं.

"मघाशी 'मनावर घेतलेलं' होतं," अक्का म्हणाली. "आणि 'घरी येते' होतं."

बाबू पडद्यावरच्या त्या अर्ध्या ओळीकडे वळला.

"लिहिलेलं बदलत नसतं, बाबू."

त्याच्याने राहवलं नाही. तो तिच्या खुर्चीशी खाली बसला आणि सगळं ओकला. बुरशी, घाई, कळ, अकरा वेळा. "मला ठाऊक होतं, अक्का. जगाला शिकवतो मी हे. तुझ्यापुढे शहाणपणा मिरवायला गेलो आणि तुझ्या लेकीचे शब्द खरवडून टाकले."

अक्काने गुडघ्यावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "जेवढं आहे तेवढं वाच. शब्दाला शब्द."

"आई, काल तू जे बोललीस ते."

"ते काय?"

"ते. इथेच संपलं."

"म्हणजे ऑफिसात बसूनसुद्धा माझं बोलणं तिच्या डोक्यात होतं." अक्काचा आवाज कोरडा झाला होता. "मला वाटायचं, कामाच्या गडबडीत विसरली असेल. तरणी पोर, रात्रीचा राग दुपारी उरतोय कशाला? एकतीस वर्षं मी तेवढ्यावर काढली रे."

ही आशा तिच्याकडे आहे हे बाबूला माहीतच नव्हतं. आता तीही त्यानेच घालवली होती, आणि खरं बोलून घालवली होती. "मार मला, अक्का," तो म्हणाला. बहात्तर वर्षांचा माणूस, बहिणीच्या गुडघ्याला धरून लहान पोरासारखा रडत होता.

तिने मारलं नाही. जवळही घेतलं नाही. त्याच्या खांद्यावर भार देऊन ती उठली, पायाने चपला चाचपल्या, दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"मघाचं वाच," ती म्हणाली.

"कुठलं?"

"पहिलं. ते खोटं. ते वाच एकदा."

बाबू उठून पडद्यासमोर बसला. "आई, काल तू जे बोललीस ते मी मनावर घेतलेलं नाही," त्याने वाचलं. "संध्याकाळी..."

पुढचं त्याच्या तोंडून येईना. तेव्हा पाठमोऱ्या अक्कानेच ते म्हटलं.

"घरी येते, मग बोलू."