तोगोरा रिकामा परतत नाही

मित्रांनो, मी एक जुना तोगोरा आहे. उझबेकिस्तानातल्या आमच्या कोकंद शहरात इनॅमलच्या मोठ्या तसराळ्याला तोगोरा म्हणतात. पांढरे अंग, निळी कड आणि पोटात लाल गुलाब. त्या गुलाबाची एक पाकळी आता नाही. तिथला टवका उडाला आहे आणि खालचे काळे लोखंड दिसते. तो कसा उडाला ते सांगेन, पण आधी माझे चांगले दिवस ऐका. म्हाताऱ्याने रडगाण्याने सुरुवात केली की ऐकणारे हळूच उठून जातात.

मी जन्मलो कारखान्याच्या भट्टीत. साधा पत्राच होतो. मला दाबून आकार दिला, पांढऱ्या लेपात बुडवले आणि लालबुंद होईपर्यंत भाजले. बाजारात सनोबरच्या आईने मला बोटाने वाजवून पाहिले, माझा आवाज तिला आवडला आणि तिने मला उचलले. सनोबरच्या लग्नात मी तुर्गूनच्या घरी आलो तो नान-रोट्यांनी आणि मांस भरून तंदुरात भाजलेल्या गरम सामशांनी काठोकाठ भरून, वर रेशमी रुमाल पांघरून. काय माझा थाट होता तेव्हा!

आमच्याकडे रीत अशी की कुणाच्या घरून आलेला तोगोरा रिकामा परत पाठवायचा नाही. गरिबातली गरीब शेजारीणसुद्धा मूठभर जर्दाळू तरी टाकून पाठवते. त्यामुळे कित्येक वर्षे मी गल्लीभर हिंडलो, पण रिकाम्या पोटी कधी घरी आलो नाही.

मग एके दिवशी धुताना मी सनोबरच्या हातून निसटलो आणि नळाखालच्या दगडावर आपटलो. टवका उडाला. टवका उडालेले भांडे पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत. सनोबर मला कुशीत घेऊन थोडी रडली आणि तिने मला दाराआड उभे करून ठेवले. तुर्गूनला मात्र माझ्यात तळे दिसले. त्याने मला पाण्याने भरले आणि सायकलची ट्यूब आत बुडवली.

"अहो, माझ्या आईचा तोगोरा आहे तो! त्यात कसली आतडी धुताय?" सनोबर स्वयंपाकघरातून ओरडली.

"आतडी नाही, ट्यूब आहे. पोट दुखतंय बिचारीचं, बघू तरी दे कुठं दुखतंय."

पहिल्या दिवशी मला फार अपमान वाटला. सामशांच्या जागी रबर! पण ट्यूब फिरता फिरता एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ उठली, मला गुदगुल्या झाल्या आणि तुर्गून म्हणाला, "सापडलं!" बाहेर ज्याची सायकल उलटी टेकवून ठेवली होती त्या माणसाचा चेहरा खुलला. तेव्हा मला कळले की आपण अजून कामाचे आहोत.

तुर्गून कापसाच्या गिरणीत कामाला होता. संध्याकाळी तो दाराबाहेरच्या तुतीखाली बसे आणि गल्लीतले सारे सायकलवाले तिथे जमत. तो कुणाची सायकल दुरुस्त करून देत नसे; त्या माणसालाच शेजारी बसवून त्याच्याकडून करून घेई. टायर उचकटायला सनोबरचे चमचे लागत. त्या घरात आजही एक चमचा सरळ सापडणार नाही.

सल्ल्यांना तिथे तोटा नव्हता. नानवाला काझिम चेनला सरकीचे तेल घालायचा, जे घरोघरी पलोवला, म्हणजे आमच्या पुलावाला, वापरतात तेच. त्याच्या मते याहून चांगले तेल जगात नाही. उन्हात त्याची चेन तापली की खमंग वास सुटे, आणि रस्त्याची सगळी धूळ तिला चिकटून बसे.

"काझिम, तुझी सायकल चालते की शिजते रे?" तुर्गून विचारायचा.

"जळा तुम्ही! तुमच्या चेनला असा वास येतो का?"

दुसरा सोयिब शिंपी. त्याच्या दृष्टीने जगातल्या प्रत्येक बिघाडाला ठिगळ चिकटवायचे हल्लीचे सोल्यूशन जबाबदार असे. ब्रेक लागत नसला तरी तो म्हणे, "सोल्यूशनच भिकार येतं आजकाल."

तुर्गूनचा धडा मात्र कधी बदलला नाही. भोक शोधा, खूण करा, ट्यूब कोरडी करून घासा, सोल्यूशन पातळ लावा आणि थांबा. किती थांबायचे? "एक प्याला चहा संपेपर्यंत. तुझ्यासारखा घटाघटा नव्हे, माझ्यासारखा." मग ठिगळ लावायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटे फिरवायची. तो म्हणायचा, "काटा आत ठेवून ठिगळ लावायचं म्हणजे चोराला घरात घेऊन दाराला कुलूप घालायचं."

गेल्या हिवाळ्यात तुर्गूनला अर्धांगवायूचा झटका आला. देवाच्या कृपेने तो उठला. बोलणे परत आले, चालणे आले, उजवा हातही हलू लागला. वसंतात तो पुन्हा तुतीखाली येऊन बसला तेव्हा काझिमने गल्लीला नान वाटले. पण एक गोष्ट फक्त सनोबरला आणि मला ठाऊक होती. पाय शेकायला तिने माझ्यात कढत पाणी ओतले होते आणि तुर्गूनने बोलता बोलता उजवा हात त्यात बुडवून तसाच ठेवला. सनोबरने किंचाळून तो बाहेर ओढला. हात लाल झाला होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

"कुणाला सांगू नकोस," एवढेच तो म्हणाला. तिने कुणाला सांगितले नाही.

त्याच सुमारास मुहय्योचा त्रास सुरू झाला. ती आमच्या गल्लीतली नवी सून, नर्स आहे. कालव्यापलीकडच्या वाडीत जाऊन ती नवजात बाळांना तपासते, बाळंतिणींना धीर देते. तो रस्ता म्हणजे उंट खातात त्या झुडपांचे नुसते काटे. तिचे मागचे चाक पंक्चर झाले. ते जोडले, दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा जोडले, पुन्हा तेच. सायकल ओढत ती अंधार पडल्यावर घरी पोचे.

दर वेळी तुर्गून उजवा हात टायरमधून फिरवी आणि म्हणे, "साफ आहे." उस्तादाने साफ म्हटल्यावर त्याच्यामागून आपला हात घालणार कोण? वडीलधाऱ्या माणसाला खोटे पाडल्यासारखे होते ते. मुहय्यो मान डोलवी आणि ट्यूब आत घाली. मित्रांनो, मला दिसत होते! बुडबुडे दर वेळी त्याच जागी उठत, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर, जुन्या ठिगळाला लागून. पण तसराळ्याला तोंड असले तरी जीभ नसते.

शेवटी एका संध्याकाळी मुहय्यो आली ती डोळे पुसतच.

"उस्ताद, आज शेवटचं बघा. सासूबाई म्हणाल्यात, आणखी एकदा अंधारात आलीस तर ती नोकरी सोड. वाडीत एक सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ आहे हो. त्याच्या आईला माझ्याशिवाय कुणी नाही."

"सोल्यूशन बदल," सोयिब म्हणाला.

"हवा कमी भर," काझिम म्हणाला.

तुर्गूनने ट्यूब माझ्यात बुडवली, ठिगळ लावून घेतले, टायरमधून हात फिरवला. "साफ आहे," तो म्हणाला, पण या वेळी आवाज पडला होता.

तेवढ्यात सनोबर बाहेर आली. ती गोधडीत भरायचा कापूस पिंजत होती. त्यातला मूठभर तिच्या हातात होता.

"थांब गं मुली. आतली धूळ पुसून देते. माझ्या तोगोऱ्यात रोज चिखल होतो."

"मी हात फिरवलाय," तुर्गून म्हणाला.

"तुम्ही काटा बघितलात. मी धूळ बघते."

तिने कापूस टायरच्या आतून सावकाश फिरवत नेला. एका जागी तो अडला. तिने हात काढून घेतला तरी एक पांढरा पुंजका तिथेच लटकत राहिला. काझिमने तोंड उघडले आणि, जन्मात पहिल्यांदा, तसेच मिटले.

तुर्गूनने पक्कड मागवली आणि काटा उपसून काढला. भाताच्या शितापेक्षा लहान, काळा, टोकदार. त्याने तो उजव्या बोटावर टेकवला आणि दाबला. रक्ताचा थेंब आला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हात मेलाय माझा," तो म्हणाला. "पोरी, तुझी नोकरी जायची वेळ आली, तरी मला सांगायची लाज वाटली."

मुहय्यो खाली मान घालून उभी राहिली. मग काझिम खाकरला.

"हात गेला तर जाऊ दे, उस्ताद. तोंड शाबूत आहे ना? मग आम्हाला शिव्या कोण घालणार याची काळजी मिटली."

सगळे हसले. सर्वांत आधी तुर्गून हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. तो म्हणाला, "आजपासून माझ्यामागून कापूस फिरवायचा. मी साफ म्हटलं तरी. मी म्हटलं म्हणून तर नक्कीच!"

ते चाक पुन्हा पंक्चर झाले नाही. मुहय्यो उजेडातच घरी येऊ लागली. वाडीतले ते बाळ आता गुटगुटीत झाले आहे असे ऐकतो. काही दिवसांनी तिने नवऱ्याची ट्यूब तपासायला मला मागून नेले.

मला परत आणून दिले ते तिच्या सासूने, स्वतः. राखेने घासून मला इतके लख्ख केले होते की गुलाब पुन्हा लाल दिसत होता. माझ्यावर रुमाल होता आणि रुमालाखाली तंदुरातून नुकतेच काढलेले सामसे होते.

"अहो, यात आम्ही ट्यूब बुडवतो," सनोबर संकोचून म्हणाली.

"बुडवत असाल. पण तोगोरा आहे ना? रिकामा कसा आणू?"

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या पोटाला ती ऊब लागली. माझे लोखंड उघडे पडले, त्याचे मला दुःख उरले नाही. ज्यांनी मला दगडावर आपटू दिले, दाराआड ठेवले आणि पुन्हा कामाला लावले, त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. तुम्हीही आपली सायकल जपा. टवका उडाला म्हणून कुठले भांडे फेकू नका. आणि आपण हात फिरवून झाल्यावर दुसऱ्या कुणी फिरवला तर रागावू नका. त्यात अपमान नसतो.

त्या संध्याकाळी तुतीखाली तुर्गूनने पहिला सामसा उचलायला उजवा हात पुढे केला. सगळ्यांसमोर सनोबर म्हणाली, "थांबा, आधी मी हात लावून बघते." त्याने मुकाट्याने हात मागे घेतला आणि ती निववून देईपर्यंत वाट पाहिली.