टाचणी नसलेलं दार

जळगावला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो, पण एरंडोलला एसटीतून उतरून गावची वाट धरली की इंजिनिअर व्हायचो. गावात सगळे तसंच म्हणायचे आणि तो गैरसमज दूर करायची तसदी मी कधी घेतली नाही. त्यामुळे आम्हा दोघा भावांचं नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा मीच काढणार, हे उघड होतं. नुसत्या नकाशाने माझं समाधान होईना. मी थर्माकोलचं अख्खं घर बनवलं आणि गावी पुढच्या खोलीत टेबलावर मांडलं.

बरोबर ऑफिसातली शिस्तही आणली. कोणाला काही बदलायचं असेल त्याने थर्माकोल कापावा आणि तिथे आपल्या रंगाची टाचणी टोचावी. माझी निळी, धाकट्या पितांबरची लाल. रविवारी मी येणार, टाचण्या तपासणार आणि पटलेला बदल नकाशात उतरवून सही करणार. सही करायला मला फार आवडायचं.

माझी बायको कुंदा गावीच राहायची. तिने विचारलं, "आन आमनी टाचनी कोनती?"

"अगं, ही तांत्रिक बाब आहे," मी म्हणालो.

पितांबरच्या बायकोचं नाव सुंदर. तिला तर माझ्याशी बोलणंच शक्य नव्हतं. मी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. मी समोर आलो की ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

घराचे दोन भाग होते, एक माझा, एक पितांबरचा, आणि मधली भिंत मी सलग काढली होती. शेत तो सांभाळतो, त्याच्या संसारात आपली लुडबूड नको, असा माझा उदार विचार. तो मी त्याला सांगितला मात्र नाही. मोठेपणा बोलून दाखवू नये असं मला वाटायचं.

एका रविवारी बघतो तर दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत दार कापलेलं. टाचणी नाही! माझं डोकंच फिरलं. मी तुकडा पुन्हा चिकटवला. पुढच्या रविवारी दार परत उघडं. त्याच्या पुढच्या रविवारी ते चिकटवलेलं होतं, पण डिंक माझा नव्हता. मी इतका सरळ चिकटवतो की ते लगेच ओळखू येतं.

पितांबरला हटकलं तर तोच उसळला. "भाऊ, तुले मन्ह्या घरमां डोकावानं व्हई तं सरळ सांग. चोरीसन दार कसाले पाडस?"

"मी? नियम मी केला आणि मीच मोडीन?"

"मंग दोन घरं येगळी बांधू. तू गावना त्या टोकले बांध."

एका ताटात जेवलेलो आम्ही दोघं, आणि थर्माकोलच्या तुकड्यावरून हा मला गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवत होता. पण तेव्हा तोंडातून काय निघालं? "तसं असेल तर लाल टाचणी लावून रीतसर सुचव." आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

पोळ्याला रजा घेऊन आलो तो ऑफिसातली शिक्क्याची शाई घेऊनच. आल्या आल्या ती जांभळी शाई मी भिंतीतल्या त्या चिकटवलेल्या दाराच्या कडांना फासली. चोर रंगेहाथ सापडणार होता. बैलांची मिरवणूक झाली, पानं वाढली, दार पुन्हा कापलेलं मी आधीच बघून ठेवलं होतं. जेवायला बसल्यावर मी पितांबरच्या बोटांकडे रोखून पाहिलं. स्वच्छ! तो मात्र माझ्या बोटांकडे पाहत होता; कडांवरची शाई त्यानेही बघितली असणार. ती जांभळी होती. शाई फासताना हातमोजे घालण्याइतका इंजिनिअर मी नव्हतो.

"सापडना चोर!" माझ्या बोटांकडे हात करून तो ओरडला.

तेवढ्यात कुंदाने माझ्या पानात खापरावर भाजलेला पुरणाचा मांडा वाढला. तिची बोटं जांभळी. पितांबरच्या पानात सुंदरने वाढला. तिचीही बोटं जांभळी.

"खापर एकच शे," कुंदा म्हणाली. "एक जनी मांडा हातवर फिरावस, दुसरी चूल सांभायस. तुमनी मधली भीत फिरीसन येवाले पुरन थंडं व्हई जाई. आम्हले कोनी इचारं का?"

पितांबर हळूच म्हणाला, "भाऊ, मी तं दार चिटकाडं. माले वाटनं, तुले नको शे."

"मला वाटलं, तुला नको."

दोघंही मांड्याकडे बघत राहिलो. मला रडू येत होतं, म्हणून मी लगेच तांत्रिक झालो. खिशातून पेन्सिल काढली, खाकरलो आणि विचारलं, "ठीक आहे. दार ठेवू. पण मला नकाशात दाखवावं लागेल, कडी कोणत्या बाजूला?"

मग पदराआडून, मी कधीच न ऐकलेला आवाज आला.

"दादा, कडी कसाले?"